तांदळात लिहिलेलं नाव

"हेमप्रभा माझं नाव न्हाई!"

मी इकडे भाकरी थापत होते. भिंतीपलीकडून हे आलं आणि हात परातीतच थांबला. आमच्या मालकांनी काळेवाडीतल्या ज्वारीच्या रानात भाड्याच्या खोल्या बांधल्या, तेव्हा खर्च वाचवायला भिंती एका विटेच्या केल्या. त्यामुळे भाडेकऱ्यांच्या घरात काय चाललंय हे मला न विचारता कळत आलेलं आहे. दुसऱ्याचं भांडण ऐकू नये म्हणतात. पण तव्यावर भाकरी टाकलेली बाई उठून जाणार कुठं?

पलीकडे नवीन जोडपं आलं होतं. नवनाथ हुंबे, भूमकडचा, आधी भोसरीला आणि मग चाकणला कंपनीत रंगाच्या खात्यात कामाला. बायको ठेंगणी, सावळी, नाकात मोरणी. रेशनकार्डाचा अर्ज भरायचा होता. त्यात बायकोचं नाव काय लावायचं, यावरून जुंपली होती.

"तुझं न्हाई तर मग कुणाचं?" नवनाथ म्हणाला.

"तलाठ्याच्या बायकोचं! तिचं नाव ऐकलं, ग्वाड वाटलं, आन् आणून माझ्या कपाळी मारलं."

"ताटात तांदूळ पसरून अंगठीनं लिहिलंय मी. सगळ्या मांडवानं बघितलंय."

"अंगठी मामाची, तांदूळ माझ्या बापाचं. आन् दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाची तुमच्या आईनं खिचडी टाकली. नाव खाल्लं की सगळ्यांनी मिळून! आता कुठनं लिवताव कार्डावर?"

नवनाथला हसू फुटलं, ते भिंतीतून मला ऐकू आलं. मलाही आलं, पण मी पदर तोंडाशी धरला. मग तो म्हणाला, "बरं, तुझं नगं असू दे. मग माझं हाय. तू नुसतं वापर."

"वापरत बी न्हाई. गोजाच लावा. माझ्या बापानं ठेवलंय."

ती जिंकली. रेशनकार्डावर गोजाबाई लागलं आणि पुढं बँकेत, आधारकार्डावर, जिथं जिथं कागद आला तिथं तिथं गोजाबाईच लागलं. मी मनातून तिच्याच बाजूची होते. मलाही माहेरच्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही, तेव्हा एका बाईनं आपलं नाव राखलं याचं मला कौतुक वाटलं. आज म्हणते, त्या दिवशी ती हरली असती तर बरं झालं असतं.

नवनाथ काही नमला नाही. कागद तिचा, तोंड माझं, असा त्याचा हिशेब. पहिल्या पाळीवरून आला की दारातूनच हाक, "हेमप्रभाऽ, पाणी दे गं." आतून उत्तर ठरलेलं, "हेमप्रभा माझं नाव न्हाई." त्यावर त्याचंही ठरलेलं, "बरं, मग माझं हाय. तू नुसतं वापर." आणि मग पाण्याचा तांब्या यायचा. तिसऱ्या पाळीवरून तो पहाटे आला तरी हेच. देवळात जशी घंटा, तशी ती दोन वाक्यं. कधी ऐकू आली नाहीत तर मला वाटायचं, दोघांपैकी कुणाला ताप तर नाही?

गोजाच्या हाताला येसर होतं. आमच्या मावळात येसर कुणाला ठाऊक नव्हतं. गहू, हरभरा, धने, मिरच्या, खोबरं, सगळं वेगवेगळं भाजायचं, कुटायचं आणि डब्यात भरून ठेवायचं. उकळत्या पाण्यात दोन चमचे टाकलं की आमटी तयार. चाकणच्या कंपन्यांत कामाला आलेली पोरं एका खोलीत सहा-सात जण राहतात. ती पाळीवरून येतात तेव्हा कांदा चिरायचंही त्राण नसतं. नवनाथनं एकदा डब्यातली आमटी सोबतच्या पोरांना चाखवली आणि दुसऱ्या दिवशी तीन पोरांनी येसर मागितलं. तिथून सुरू झालं ते.

धंद्याला नाव लागतं. नवनाथनं तिला विचारलंच नाही. काळेवाडीत त्याच्या ओळखीचा एक गॅरेजवाला होता, डेंटिंग-पेंटिंगचं काम करणारा. त्याच्याकडे तेलाचा मोठा पत्र्याचा डबा नेला, घासून घेतला, वर गाडीला मारतात तो रंग मारला आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत काढलं, "हेमप्रभा येसर". खाली लाल मिरचीचं चित्र. मिरची जरा वांग्यासारखी झाली होती, पण अक्षर असं होतं की बघत राहावं.

गोजा डब्याकडे बघून म्हणाली, "मिटवा ते."

"मिटत न्हाई. कंपनीचा रंग हाय. दहा पावसाळे अंगावर घेतो."

"मग मी डबाच नेत न्हाई."

पण नेला. शनिवारी चाकणच्या बसमध्ये तो डबा पायाशी घेऊन बसायची आणि पोरांच्या खोल्या-खोल्यांतून येसर विकून संध्याकाळी परत. खाकी पुड्यांवर नाव छापायला नवनाथनं आणखी एक युक्ती काढली. त्याच्या छातीचा फोटो काढला होता दवाखान्यात, खोकला जाईना म्हणून. ती काळी फिल्म घेतली आणि ब्लेडनं तिच्यात नाव कोरलं. पुडीवर फिल्म ठेवायची, निळ्या रंगात बुडवलेला स्पंज वरून थोपटायचा, उचलली की खाली नाव. रंगाऱ्यांची ही जुनी रीत आहे, फिल्म फाटत नाही आणि भिजत नाही. गोजा थोपटत बसायची आणि म्हणायची, "मावशी, हे बघा माझ्या मालकाचं काळीज. आरपार बघितलं तरी त्यात तलाठ्याचीच बायको."

आम्ही दोघी हसायचो. फोटो कशासाठी काढला होता, ते तेव्हा आमच्यापैकी कुणी फार मनावर घेतलं नाही.

नवनाथ गेला, छातीच्या दुखण्यानं. पोरबाळ नव्हतं. दीर न्यायला आला होता, गोजा गेली नाही. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं मिरच्या भाजायला घेतल्या आणि सगळी गल्ली खोकत उठली. मला बरं वाटलं.

त्यानंतर एक गोष्ट बदलली. चाकणची पोरं तिला "हेमप्रभा काकू" म्हणायची. तिनं त्यांना सांगितलं, "ती हाक मारायची न्हाई. येसरवाल्या काकू म्हणा, न्हाईतर गोजाकाकू म्हणा." पोरं बिचारी गोंधळली, डब्यावर तर नाव तसंच होतं. मला कळलं. त्या हाकेला दुसऱ्या कुणाचं तोंड लागू नये, एवढंच होतं. डब्यावर राहू दे, पुडीवर राहू दे, तोंडात मात्र नको. ज्या नावाशी ती संसारभर भांडली, त्याला ती आता रोज सकाळी डब्यावरून ओलं फडकं फिरवून पुसून घ्यायची.

असं चाललं होतं. मग वाकडच्या उंच इमारतींतली सायली नावाची एक मुलगी कुणाकडून तरी येसर खाऊन आली आणि पत्ता काढत आमच्या दारात उभी राहिली. गुणी पोर. तिनं डब्याचा, पुडीचा फोटो काढून फोनवर टाकला आणि वाकड, पिंपळे गुरव, कुठून कुठून मागणी यायला लागली. गोजाला दोन बायका हाताखाली घ्याव्या लागल्या. मी म्हटलं, "बघ, नवनाथचं नाव कुठवर पोचलं."

ते पोचलं ते नको तिथंही पोचलं. एका मसाल्याच्या मोठ्या कंपनीच्या वकिलाची नोटीस आली. त्या कंपनीचाही हेमप्रभा मसाला होता, परराज्यातला. नाव सरकारदरबारी नोंदवलेलं होतं. त्यांचं म्हणणं, हे नाव आमचं, तुम्ही वापरायचं थांबवा, आणि नाव छापायचं जे काही साहित्य असेल ते आमच्या स्वाधीन करा.

गोजानं नोटीस माझ्या पुढ्यात टाकली. माझी शाळा तिसरीपर्यंतची, त्यात कागद इंग्रजी. मी तो उलटा धरला काय आणि सुलटा धरला काय.

"मावशी, त्यांनी तांदळात लिहिलेलं, आन् हे म्हणत्यात आमचं. ह्यांच्यातलं मांडवात आलं होतं का कुणी?"

मी दीक्षाला फोन लावला. दीक्षा आमच्याच खोल्यांत वाढलेली. तिचे वडील टेम्पो चालवायचे. आता वकील झाली आहे, पिंपळे गुरवला राहते. लहानपणी माझ्या ओट्यावर बसून पाढे म्हणायची, त्याच ओट्यावर बसून तिनं नोटीस वाचली, चहा प्यायली आणि म्हणाली, "काकू, घाबरायचं नाही. नाव नोंदवलं म्हणजे त्यांनी सगळी वाट अडवली असं नसतं. कायद्यानं दारं ठेवलेली असतात."

मला ते आवडलं. म्हटलं, कायद्यालाही कळतं म्हणायचं, की घराला मागचं दार लागतं.

एक दार असं की ज्या शब्दानं नुसती वस्तू कळते, तो शब्द कुणाच्या एकट्याचा नसतो. म्हणजे येसर हा शब्द गोजाला कुणी बंद करू शकत नव्हतं. "मिठाला मीठ म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही," दीक्षा म्हणाली. पण कंपनीचं येसराशी भांडणच नव्हतं, त्यांना हेमप्रभा हवं होतं.

दुसरं, जुन्या वापराचं. त्यांनी नाव वापरायच्या आणि नोंदवायच्या आधीपासून गोजा ते सतत वापरत असती, तर तिला कुणी हलवू शकलं नसतं. दीक्षानं चौकशी केली आणि तोंड पाडून आली. कंपनीनं नाव लावलं तेव्हा आमच्या गल्लीत अजून ज्वारी उभी होती.

तिसरं मला फार न्यायाचं वाटलं. नावाच्या मालकाला माहीत असूनही तो पाच वर्षं गप्प बसला, डोळ्यांदेखत चालू दिलं, तर मग त्याला उठून बोंब मारता येत नाही. मी म्हटलं, "अगं, त्यांचा माल घेऊन येणारा माणूस कोपऱ्यावरच्या वाण्याकडं यायचा की! गोजाकडनं येसर न्यायचा घरी."

"तो कुठं आहे आता?"

कुठं असणार. नोकरी सोडून गेला. आणि असता तरी दीक्षा म्हणाली, माल पोचवणाऱ्याला माहीत असणं म्हणजे मालकाला माहीत असणं नव्हे. सायलीच्या फोटोंमुळंच कंपनीच्या मालकांना पत्ता लागला होता. ती पोर दारात येऊन रडून गेली. गोजानंच तिला येसराची पुडी देऊन समजावलं. तोवर कंपनीनं कोर्टात दावा लावला होता.

"आता एकच राहिलं, पण ते बळकट आहे," दीक्षा म्हणाली. "माणसानं प्रामाणिकपणे स्वतःचं नाव स्वतःच्या धंद्याला लावलं, तर त्याला अडवता येत नाही. काकू, हेमप्रभा तुमचं लग्नातलं नाव आहे ना?"

मीच म्हटलं, "व्हय, तिचंच."

"मग आधारकार्डावर?"

"गोजा," गोजा म्हणाली.

"रेशनकार्ड? बँक? मतदान?"

"गोजा. गोजा. गोजा."

दीक्षानं कपाळाला हात लावला. पण पोर हुशार. म्हणाली, कागदावर नसेना का, आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात हे अख्ख्या महाराष्ट्राला माहीत आहे. नवरा त्या नावानं हाक मारत होता, हे सांगणारं माणूस हवं. सासरचं कुणी?

सासू कधीच गेली होती. दिराला फोन लावला, तर तो म्हणाला, "कशाचं नाव? मला आठवत न्हाई." त्याच्या मनात अजून ती गावी आली नाही याचा राग.

"मी ऐकलंय," मी म्हटलं. "रोज ऐकलंय. ते भांडण तर सगळंच ऐकलंय."

दीक्षा उडालीच. "आजी, तुम्ही भांडण ऐकलंत? मग तुम्हीच आपल्या साक्षीदार!"

"सगळं सांगायचं का अर्धं?"

"म्हणजे?"

"म्हणजे तो हेमप्रभा म्हणायचा, ते सांगते. पण ती काय म्हणायची, तेबी सांगायचं का?"

दीक्षानं गोजाकडे पाहिलं. गोजा पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होती.

"आजी," दीक्षा हळू म्हणाली, "विचारतील तेवढंच सांगा. आणि काकू, कोर्टात तुम्हाला विचारलं तर सरळ सांगायचं, हेमप्रभा म्हणजे मीच, लग्नात ठेवलेलं नाव. एवढंच. म्हणा बघू."

"हेमप्रभा म्हंजी मीच, लग्नात ठेवलेलं नाव."

"मोठ्यानं."

तो आठवडा आम्ही दोघी ओट्यावर बसून तेच घोकत होतो. मी जज व्हायचे. "नाव काय बाई तुमचं?" असं मी घसा खाकरून विचारायचे, की ती बरोबर सांगायची आणि वर म्हणायची, "जजसाहेब, तुमच्या तोंडाला मिसरी लागलीय, पुसा." तिला सगळं पाठ झालं होतं. तिला ते नाव हवं होतं. पैशाचं काही नव्हतं, येसर तर बिननावाचंही खपलं असतं. नवनाथचं तिच्याजवळ दुसरं काय होतं? एक डबा, एक फिल्म आणि त्या दोन्हींवर ते नाव.

तारखेच्या दिवशी मी इरकल नेसले. शिवाजीनगरच्या कोर्टात आम्ही सकाळपासून बाकावर बसलो. दीक्षानं आम्हाला पुकारा झाल्यावर कुठं उभं राहायचं ते दाखवलं. समोर कंपनीचे वकील आणि एक साहेब, साधा माणूस, हातात टिफिनची पिशवी. मला वाटलं होतं राक्षस येईल.

वकील लोक इंग्रजीत बोलले. मग जजसाहेबांनी चष्म्यावरून गोजाकडे पाहिलं आणि मराठीत म्हणाले, "बाई, पुढे या. नाव काय तुमचं?"

"गोजाबाई..." ती अडखळली. नवऱ्याचं नाव घ्यायची पाळी उखाण्यापलीकडं तिच्यावर कधी आली नव्हती. "गोजाबाई नवनाथ हुंबे."

"बरं. मग ही हेमप्रभा कोण?"

मी मनातल्या मनात म्हणाले, म्हण गं, म्हंजी मीच.

"हेमप्रभा माझं नाव न्हाई," गोजा म्हणाली.

मी तिच्याकडे बघतच राहिले. तोच आवाज. तोच झटका. म्हणून झाल्यावर ती जरा मान वाकडी करून उभी राहिली, जशी बाई चुलीपाशी बसून बाहेरच्या माणसाचं उत्तर ऐकते तशी.

"पुन्हा सांगा. मोठ्यानं."

तिला तेव्हा भान आलं असावं. तिनं इकडेतिकडे बघितलं. पण आता माघार घ्यायची म्हणजे खोटं बोलल्यासारखं होणार, असं तिला वाटलं असेल. साहेबापुढं बोललेला शब्द फिरवायचा कसा? खाली मान घालून म्हणाली, "माझं नाव न्हाई साहेब ते."

दीक्षा उठली. लग्नातली रीत, ताट, तांदूळ, अंगठी, सगळं बोलली. जजसाहेबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "रीत मला माहीत आहे, वकीलबाई. माझ्या आईचंही बदललं होतं. पण तुमचा बचाव स्वतःच्या नावाचा, आणि बाई स्वतःच म्हणतात नाव माझं नाही. मी काय लिहू?"

मी सांगते म्हणून मी उठले. शिपाई म्हणाला, "आजी, बसा. तुम्हाला कुणी बोलावलं नाही." मी बसले. खटला संपेपर्यंत ते नाव वापरायला साहेबांनी मनाई लिहिली. इरकल फुकट गेलं.

कोर्टाच्या कँटीनमध्ये दीक्षानं तीन चहा आणले. रागावली नाही. नुसतं म्हणाली, "काकू, का हो?"

गोजानं चहा बशीत ओतला. मग म्हणाली, "हेमप्रभा असं कुणी म्हटलं की माझ्या तोंडातनं तेच निघतंय. काय करू? सवय हाय. मी तसं म्हटलं की ते म्हणायचे, बरं, मग माझं हाय, तू नुसतं वापर. मी बोलले, आन् वाट बघत हुबी ऱ्हायले. एवढी माणसं होती तिथं मावशी. कुणीच काय म्हटलं न्हाई."

दीक्षा उठून पाणी आणायला गेली. टेबलावर पाण्याचा जग भरलेला होता.

वरच्या कोर्टात जाता येईल, दीक्षा म्हणत होती. तोंडातून गेलेल्या एका वाक्यानं सगळं संपत नाही, आजींची साक्ष आहे, गल्ली आहे. गोजा नको म्हणाली. "भर कोर्टात मी त्यांचं नाव नाकारलं. आता कुठल्या तोंडानं मागू?" आम्ही दोघींनी समजावलं. पण ही तीच बाई, जिनं रेशनकार्डावर गोजा लावून घेतलं होतं. नको म्हणजे नको.

तडजोड झाली. कंपनीनं भरपाई मागितली नाही, तेवढा त्यांचा भलेपणा. गोजानं नाव सोडायचं, छापलेल्या पुड्या आणि ठसा त्यांना द्यायचा. टिफिनच्या पिशवीवाले साहेब स्वतः काळेवाडीला आले. गोजानं त्यांना पाट दिला, पाणी दिलं. पुड्यांचा गठ्ठा आणला आणि वर ती फिल्म ठेवली.

साहेबांनी फिल्म उचलून उजेडाकडं धरली, ठसा बरोबर आहे का बघायला. कोरलेल्या अक्षरांतून दारातलं ऊन त्यांच्या शर्टावर पडलं. अक्षरांच्या मागं बरगड्या दिसत होत्या. त्यांचा हात तसाच राहिला.

"हे कुणाचं..."

"मालकांचं," गोजा म्हणाली.

त्यांनी हात खाली घेतला. फिल्म अगदी सावकाश लिफाफ्यात घातली. द्यायची तर त्यांना होतीच, कागदावर तसं लिहिलं होतं, आणि तेही नोकर माणूस. जाताना त्यांनी येसराची पुडी मागितली, घरी न्यायला. गोजानं कोऱ्या पुडीत बांधून दिली आणि पैसे घेतले नाहीत.

राहिला डबा. डबा काही ठसा नव्हता, म्हणून तो मागितला नव्हता; पण विकायला नेताना त्यावर ते नाव दिसायला नको, असं दीक्षानं बजावलं होतं. गोजानं थिनर आणला, वीट आणली, काथ्या आणला. दोन दिवस घासलं. वांग्यासारखी मिरची निघाली, नाव निघेना. नवनाथ खरं बोलला होता. तिसऱ्या दिवशी ती घासायची थांबली, नवनाथच्या जुन्या धोतराचा तुकडा आणला आणि लोणच्याच्या बरणीला दादरा बांधतात तसा डब्याभोवती गुंडाळून सुतळीनं बांधला. गाठ ढिली पडत होती. म्हणून मला हाक मारली, "मावशी, बोट द्या."

तेव्हापासून दर शनिवारचं ते काम माझं. ती सुतळी ओढायची, मी पहिल्या गाठीवर बोट ठेवायचे, ती दुसरी गाठ मारताना मी बोट काढायचे. कधी उशिरा काढलं तर बोट अडकायचं आणि ती म्हणायची, "बोट पण चाकणला न्यायचंय का?" पोरं विचारायची म्हणे, काकू, नाव का झाकलं? ती सांगायची, उन्हानं उडतंय म्हणून. आणि एक तिनं मला जाता जाता सांगितलं, जणू भाजीचा भाव सांगतेय. पोरं पुन्हा हेमप्रभा काकू म्हणायला लागली होती, आणि ती आता त्यांना अडवत नव्हती. "ओ देते," म्हणाली. "डब्यावर न्हाई, पुडीवर न्हाई. कुठंतरी ऱ्हायला नगं का?"

मी दीक्षाला विचारलं, याला तर काही हरकत नाही ना? दीक्षा म्हणाली, "आजी, लोकांच्या तोंडावर कुणाची नोंद नसते."

गेल्या माघात गोजा गेली. रविवारी सकाळी दार उघडलं नाही, हाक मारली तर आतून काही आलं नाही. शेवटी तिचा भाऊ आला, त्यानं विधी केले. दहाव्याच्या पत्रिकेवर नाव गोजाबाई लागलं, बापानं ठेवलेलं. ते बरोबरच होतं. तरी मला ते वाचताना कुणीतरी अर्धीच बाई नेली असं वाटलं.

आदल्या दिवशी शनिवार होता. ती नेहमीसारखी उठली, डबा पुसला. पुसताना धोतराचा तुकडा बाजूला ठेवला होता, त्यामुळं नाव उघडं होतं, आणि ती त्यावर फडकं फिरवत होती. येसर भरलं, तुकडा गुंडाळला, सुतळी घेतली. मी ओट्यावर मेथी निवडत होते.

"मावशी, बोट द्या."

मी हात पुसून गेले आणि बोट ठेवलं. तिनं सुतळी ओढली. मी बोट वेळेवर काढलं.

"बसली," ती म्हणाली, डबा कमरेवर घेतला आणि चाकणच्या बसला गेली.